पॉलिशचा आणखी एक हात

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपलं ठाणं केलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी इथली मराठी बिऱ्हाडं उठली नाहीत. त्यांच्या घरांतलं जुनं सामान नोकरदारांकडे असतं तसंच: वेताची आरामखुर्ची, खणांचं मेज, चौरंग, देव्हारा, आरशाचं कपाट. लाकूड बहुधा सागवान. त्यासाठी फार लांब जावं लागत नव्हतं. नर्मदा ओलांडली की सातपुडा, आणि तिथलं सागाचं बोरी जंगल 1865 मध्येच राखीव झालं होतं.

असं कपाट आज काळं-चिकट दिसतं म्हणून घरचे दोनच मार्ग बोलून दाखवतात: विकून टाकू, नाहीतर पार घासून नवं करू. तिसरा मार्ग जुन्या पॉलिशवाल्यांना ठाऊक असतो. त्या काळपटपणात लाकडाचा वाटा थोडा. उदबत्तीचा धूर, हाताचं तेल आणि वर्षानुवर्षांची धूळ वरच्या पॉलिशमध्ये मुरलेली असते. कोमट पाण्यात थोडा साबण घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसलं, लगेच कोरडं केलं, की कित्येक वस्तूंचा निम्मा आजार बरा होतो.

उरलेल्या निम्म्यासाठी लाकडावर काय चढवलं आहे ते ओळखावं लागतं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाकून पाहावं. जागा चिकट झाली तर ती चपडी. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडली तर लॅकर. दोन्हींना जुमानलं नाही तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सामानावर बहुतेक वेळा चपडीच निघते.

चपडी म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर आणि कुसुमच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडायचं, धुवायचं, वितळवून पातळ पापुद्रे पाडायचे. लाखेचं पीक मुख्यतः झारखंड, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातलं. रांचीजवळ नामकुमला 1924 मध्ये लाख संशोधनाची संस्था निघाली, कारण तेव्हा जगाची गरज मोठी होती. 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांतही हीच लाख होती. एकाच खोलीतली खुर्ची आणि तिच्यावर बसून ऐकलेलं गाणं, दोन्ही त्या किड्यांच्या जिवावर.

सरकारी बांधकाम खात्याच्या नियमावलीत प्रमाण दिलं आहे: 1 लिटर मेथिलेटेड स्पिरिटला 140 ग्रॅम चपडी. रात्रभर विरघळू द्यायची, मधूनमधून हलवायची, मग कापडातून गाळायची. लागेल तेवढीच करावी, कारण काही महिने बाटलीत राहिलेली चपडी नीट वाळत नाही. लावण्याआधी लाकडाची सूक्ष्म छिद्रं भरतात. त्यासाठी चाकमातीत गेरू किंवा हिरमजी कालवून लाकडाच्या रंगाला जुळणारी लांबी करतात. मग पॉलिशपेपर, तोही रेषांच्या दिशेनेच. आडवा मारलेला ओरखडा पॉलिश चढल्यावर उठून दिसतो.

यानंतर हाताचं काम. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, चपडीत बुडवून पिळायचा आणि लाकडावर गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायचं. बोळा चिकटू लागला की जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. मध्ये थांबलात तर तिथे डाग पडतो. एकेक हात कागदाहून पातळ असतो आणि नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. म्हणूनच जुनं पॉलिश ठिकठाक असेल तर ते काढायची गरजच नाही. गरम कपाने पडलेलं पांढरं वर्तुळही स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलकेच फिरवला की बरेचदा जातं.

खरवडायचंच झालं तर चपडीसाठी स्पिरिट आणि काथ्या पुरतो. पॉलिशवाले फुटक्या काचेच्या धारेनेही थर उतरवतात. कॉस्टिक सोडा मात्र घरात आणू नये. तो सागवान काळं करतो, आणि जुने सांधे सरसाने जोडलेले असल्याने पाण्या-सोड्याने ते सुटतात. हिरव्या-निळ्या ऑइलपेंटखालचं कपाट आणखी जोखमीचं. जुन्या रंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षांत 90 भागांची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ पोरांच्या फुप्फुसात आणि पोटात जाते. तो ओला करून काढावा, पोरांना लांब ठेवावं, किंवा काम कारागिरावर सोपवावं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेटू शकतात, म्हणून पसरून वाळवावीत. स्पिरिटही चटकन पेट घेतं, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या आणि गॅस बंद.

हवेचंही ऐकावं लागतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते. पावसाळ्यात केलेलं पॉलिश म्हणूनच पांढुरकं होतं. मे महिन्यातल्या वाऱ्याची धूळ ओल्या थरावर चिकटते. उज्जैनला दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस बरे.

चपडीचे दोष उघड आहेत: गरम भांडं सोसत नाही, पाणी सोसत नाही, स्पिरिट तर अजिबात नाही. जेवणाच्या टेबलाला पॉलियुरेथेनच बरं. पण तो थर एकदा खराब झाला की सबंध घासून काढावा लागतो, आणि पातळ व्हेनियरवर तसं फार वेळा करता येत नाही. चपडी करणाऱ्याने मुळातच गृहीत धरलेलं असतं की पुढे कुणीतरी हिच्यावर आणखी हात मारील. वस्तू सांभाळणाऱ्या घरासाठी हा व्यवहार सोयीचा आहे. देव्हारा, मेज, आरामखुर्ची यांना नवं रूप देण्याआधी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहा. निम्म्या वेळा घासायचं काम वाचेल, आणि ज्या कारागिराने ती वस्तू घडवली त्याचं कामही शाबूत राहील.