अर्धशिशी आणि लघवीची घाई : दोन तक्रारी, एक दुवा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वेगधारणाचा विचार आहे. मूत्राचा वेग अडवून धरल्यास कोणती लक्षणे उद्भवतात हे सांगताना तेथे बस्तिशूलाबरोबर शिरःशूलाचाही निर्देश केलेला आहे. त्याच ग्रंथात १०७ मर्मांपैकी शिर, हृदय आणि बस्ती या तिघांना अग्रस्थान दिले आहे. प्राचीनांची कारणमीमांसा आजच्या शरीरक्रियाशास्त्राहून निराळी होती, हे खरे. तथापि मस्तक आणि मूत्राशय यांचा काही संबंध असावा, हे निरीक्षण आधुनिक वैद्यकाने अलीकडे पुन्हा गांभीर्याने घेतले आहे.

प्रथम दोन्ही विकारांची ओळख करून घेऊ. अर्धशिशी म्हणजे केवळ तीव्र डोकेदुखी नव्हे. ठणका, मळमळ, प्रकाश व आवाज असह्य होणे अशा लक्षणांसह पुनःपुन्हा उद्भवणारा हा मज्जासंस्थेचा विकार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे तिप्पट आढळतो. अतिक्रियाशील मूत्राशयाची सर्वमान्य व्याख्या २००२ साली निश्चित झाली. अचानक उद्भवणारी आणि थोपवता न येणारी लघवीची घाई हे तिचे मुख्य लक्षण होय. जोडीला बहुधा दिवसा वारंवार व रात्री उठून लघवीस जावे लागते. काहींना घाईत वाट गाठेपर्यंत धीर धरवत नाही. जंतुसंसर्ग किंवा अन्य उघड कारण नसेल तरच हे निदान करावयाचे असते.

काही देशांतील पाहण्यांत, अर्धशिशी असलेल्या व्यक्तींमध्ये लघवीच्या घाईची तक्रार इतरांपेक्षा अधिक आढळली आहे. एकामुळे दुसरा होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु दोहोंची मुळे एकाच मातीत असू शकतात. बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मूत्रविसर्जनाचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूच्या देठात असल्याचे दाखविले. पुढे १९९५ साली, अर्धशिशीच्या झटक्याच्या वेळी मेंदूच्या देठाचाच काही भाग सक्रिय होतो, असे पॉझिट्रॉन चित्रणात दिसून आले. सेरोटोनिन हे द्रव्य दोन्ही प्रक्रियांत सहभागी आहे. अर्धशिशीच्या वेदनेत प्रमुख ठरलेले सीजीआरपी हे प्रथिन मूत्राशयाच्या संवेदी मज्जातंतूंतही असते. याखेरीज जांभया येणे, मान आखडणे यांप्रमाणे वारंवार लघवी होणे हे झटक्याचे पूर्वलक्षणही असू शकते.

आता आपल्या आदिलाबादकडे वळू. पैनगंगेच्या अलीकडचा हा कापसाचा मुलूख. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात १० अंशांच्याही खाली उतरतो. उन्हाने अर्धशिशी चाळवते, थंडीने लघवीची वारंवारता वाढते. त्यात शेतात आडोसा नाही, नांदेड किंवा नागपूरच्या प्रवासात स्वच्छ शौचालयाची खात्री नाही. म्हणून अनेक भगिनी घरातून निघण्यापूर्वीच पाणी वर्ज्य करतात. येथूनच दुष्टचक्र सुरू होते. पाणी कमी पडले की डोके उठते. लघवी गडद होऊन मूत्राशयास अधिक टोचते. डोक्यासाठी कडक चहा आणि दुकानातून घेतलेली गोळी येते. चहातील, आणि कित्येक गोळ्यांतीलही, कॅफिन मूत्राशयास पुन्हा चेतविते. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस वा अधिक, तर संयुक्त गोळ्या १० दिवस वा अधिक, अशा रीतीने तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधानेच डोकेदुखी जडते. शरीरात पाण्याची कमतरता असताना घेतलेली काही वेदनाशामके मूत्रपिंडासही घातक ठरतात.

वैद्यक व्यावसायिकांसाठी औषधयोजनेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलिन मूत्राशयास काहीसे शांत करते. पण वृद्धांत, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत, त्याने लघवी तुंबण्याची भीती असते. त्याच्या जोडीला ऑक्सिब्युटिनिन दिल्यास बद्धकोष्ठ, तोंडाची कोरड आणि वृद्धांतील संभ्रम बळावतो. मिराबेग्रॉनने डोके दुखू शकते व रक्तदाब वाढू शकतो. शिवाय ते अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि मेटोप्रोलॉल यांची रक्तातील पातळी वाढविते. टोपिरामेटने मुतखड्याचा संभव असल्याने भरपूर पाणी पिण्यास सांगावे लागते, आणि घाईने त्रस्त रुग्ण नेमके तेच टाळतो. बोट्युलिनम विषाची कथा तर बोलकी आहे. अमेरिकेत त्यास जुनाट अर्धशिशीसाठी २०१० साली आणि अतिक्रियाशील मूत्राशयासाठी २०१३ साली मान्यता मिळाली. एकच द्रव्य, पहिल्या विकारात डोके व मानेच्या ३१ ठिकाणी १५५ एकक, तर दुसऱ्यात मूत्राशयाच्या भित्तीत १०० एकक!

सुदैवाने प्रारंभीचा उपाय खर्चिक नाही. एका वहीत तीन दिवस पाणी, चहा, लघवीच्या वेळा आणि मोजपात्रातील प्रमाण लिहावे. त्याच वहीत डोकेदुखीचे दिवस व घेतलेल्या गोळ्या महिनाभर नोंदवाव्यात. थोडी थोडी लघवी वारंवार होत असेल तर मूत्राशयाकडे लक्ष द्यावे. प्रत्येक वेळी भरपूर होत असेल तर आधी रक्तशर्करा तपासावी. पाणी बंद न करता दिवसभर विभागून घ्यावे, चहा हळूहळू कमी करावा, झोपेची वेळ सांभाळावी. दोन लघव्यांमधील अंतर वैद्यांच्या सल्ल्याने पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन नियमित करावे. यामुळे पुष्कळ रुग्णांना औषधाविनाही आराम पडतो.

मात्र काही लक्षणांत विलंब नको. विजेसारखी अचानक आलेली असह्य डोकेदुखी, ताप व मान ताठरणे, हातपाय लुळे पडणे, गरोदरपणातील डोकेदुखी, लघवीतून रक्त, लघवी पूर्ण अडणे अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. वृद्धाची चाल अडखळू लागून स्मृती मंदावली आणि लघवीवरील ताबा सुटला, तर मेंदूतील पाण्याचा विकार शोधावा.

खरी अडचण संकोचाची आहे. ‘अर्धं डोकं दुखतं’ किंवा तेलुगूत ‘पार्श्वपु नोप्पि’ असे सांगताना कोणी लाजत नाही; लघवीची तक्रार मात्र ओठांवर येत नाही. सासूसमोर, मुलासमोर ती स्त्री गप्प राहते आणि आपणही विचारीत नाही. परिणामी एकाच रुग्णाची दोन दुखणी दोन कागदांवर राहतात आणि एका कागदावरचे औषध दुसऱ्या दुखण्यास वाढविते. डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णास एकान्तात लघवीविषयी विचारावे, आणि लघवीची घाई सांगणाऱ्यास डोक्याविषयी. या एका प्रश्नास अर्धा मिनिटही लागत नाही. भगिनींनीही पाणी सोडण्यापूर्वी संकोच सोडावा, एवढीच विनंती.