पाणी पुरवून पिणारी ज्वारी

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता पाटणचेरू येतं. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून इथे आहे. आपल्यातले कितीतरी जण गावी जाता-येता तिच्यावरून जातात. मी सॉफ्टवेअरमधला, शेतीशी माझा संबंध ताटातल्या भाकरीपुरता. पण मोजमाप हा रोजचा विषय असल्यामुळे, पीक दुष्काळ सोसतं म्हणजे नेमकं काय करतं आणि ते मोजतात कसं, हे वाचायला घेतलं.

मराठवाडा, सोलापूर, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. पाऊस तेव्हा परतीच्या वाटेवर असतो. पुढचे साधारण चार महिने पीक जगतं ते काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ही साठवलेली शिल्लक. तिच्यात नवी भर जवळजवळ पडत नाही.

पानांवर सूक्ष्म पर्णरंध्रं असतात. ती उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि झाडाचं अन्न तयार होतं. पण त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. माती सुकू लागली की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि रंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं, पण अन्न बनवणंही मंदावतं. झाडापुढचा पेच हा असा आहे.

मग जास्त पाणी ओढणारं झाड चांगलं, असं आपल्याला वाटेल. इक्रिसॅटमध्ये त्याची तपासणी झाली. सुमारे २ मीटर उंचीच्या नळ्यांत माती भरून त्यात ज्वारी वाढवली. मातीचा पृष्ठभाग झाकला आणि नळ्या ठरावीक दिवसांनी उचलून वजन केल्या. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी पानांतून गेलं. फरक दिसला तो मुख्यतः पाणी कधी वापरलं याचा. सुरुवातीला हात राखून खर्च करणाऱ्या झाडांकडे दाणे भरताना ओल शिल्लक राहिली, आणि त्या वेळच्या थोड्या पाण्यानेही दाण्यात मोठा फरक पडला.

कणीस भरेपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या वाणांचं गुपित बरंचसं यातच आहे. या गुणाचा एक महत्त्वाचा स्रोत इथिओपियातल्या ज्वारीत सापडला. अशा झाडांचा पानोरा सुरुवातीला आटोपशीर असतो, म्हणून खर्च कमी. ज्वारी-बाजरीचे काही वाण तर जमिनीत ओल असतानाही, दुपारची हवा फार कोरडी झाली की रंध्रं थोडी मिटून घेतात.

मग असा वाण सगळीकडे का पेरू नये? कारण शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबा हवा असतो. पानोरा कमी म्हणजे जनावरांच्या वैरणीला कात्री. मोहोळला निवड झालेली मालदांडी ज्वारी इतकी वर्षं टिकून आहे, त्यात भाकरीच्या चवीबरोबर कडब्याचाही वाटा आहे. शिवाय जमीन खोल असेल आणि ओल भरपूर असेल, तर काटकसर करणारं झाड उलट मागे पडतं. म्हणून आता अनेक वर्षांचं हवामान आणि मातीची खोली संगणकाच्या प्रारूपात घालून, कुठल्या भागात कोणता गुण उपयोगी पडेल ते तपासतात. 'दुष्काळाला चालणारं बियाणं' असं कुणी म्हणालं, तर कुठल्या जमिनीत आणि कोणत्या महिन्यातल्या दुष्काळाला, हे विचारायला हवं.

मुलांसोबत घरीही हे पाहता येईल. कुंडीतल्या रोपाला भरपूर पाणी घाला, ते निथळू द्या आणि खोडाभोवतीची माती प्लॅस्टिकने झाका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. काही दिवसांनी रोजची घट कमी होत जाईल. पानं तेव्हा अजून ताठ असतील, पण रोपाने हात आखडायला सुरुवात केलेली असेल. ते दिसलं की मात्र त्याला पाणी घालायला विसरू नका.