पंधरा गोळ्यांचा त्रिकोण

बिलियर्डच्या घराण्यांतील ‘पूल’ हा खेळ घरीं चालला असतां पहिला फटका फुकट गेला, कीं वडील मंडळी मुलाच्या मनगटास दोष देतात. दोष बहुधा मनगटाचा नसतो. तो मांडणीचा असतो.

लांकडी त्रिकोणी चौकटींत पंधरा गोळे पांच ओळींनीं मांडले म्हणजे त्यांच्यामध्यें एकंदर ३० स्पर्शबिंदू होतात. पुढच्या गोळ्यावर बसलेला आघात मागें पोंचतो तो या स्पर्शांवाटेंच. कोठें केसाएवढी फट राहिली, तर जोराची वांटणी बिघडते आणि कांहीं गोळे जागच्या जागीं घुटमळतात. सर्वांत घातक फट पहिला गोळा व त्याच्या पाठचे दोघे यांमधली.

गोळ्याचा व्यास सव्वादोन इंच. नियमाप्रमाणें त्यांत ०.००५ इंचाहून अधिक फरक चालत नाहीं. एखादा हरवला म्हणून दुसऱ्या संचांतला आणून बसविला, कीं घोटाळा झालाच. संशय असल्यास तीन गोळे टेबलाच्या कडेस टेकवून ओळीनें ठेवावे व वर सरळ पट्टी धरावी. मधला लहान असेल तर उजेड दिसतो, मोठा असेल तर पट्टी डोलते. खडूच्या भुकटीनें मळलेले गोळे ओलसर फडक्यानें पुसून कोरडे करावे. टेबलाची पातळी गवंड्याच्या पाणसळीनें पाहावी.

परंतु खरें दुखणें असतें बनातींत. गोळा जागेवर राहीना, कीं वरून दुसऱ्या गोळ्यानें ठोकून तो ‘बसविण्याची’ खोड पुष्कळांस असते. ठोक्यासरशी बनातींत वाटीसारखा खळगा पडतो व गोळा निमूट बसतो. रोग्यास गुंगीचें औषध देऊन तो बरा झाला म्हणण्यापैकींच हा प्रकार! उद्यां मांडणी सूतभर सरकली, कीं तोच गोळा शेजाऱ्यास सोडून जुन्या खळग्याकडे ओढ घेतो; सावकाश जाणारा गोळाही तेथून जातांना वांकडा वळतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही ठोकणें टाळून ब्रशानें बनात सारखी करावी, अशीच शिफारस आहे.

मांडतांना पुढचा गोळा ठिपक्यावर यावा. मागच्या ओळीच्या पाठीशीं बोटें घालून सर्व गोळे एकदम पुढें दाबावे, बोटें हळूच काढावीं, आणि चौकट किंचित् पुढें सरकवून उचलावी. मग वांकून फटींतून उजेड येतो कीं काय तें पाहावें. येत असल्यास आळस न करितां पुन्हां मांडावें.

अलीकडे चौकटीऐवजीं छिद्रें पाडलेला प्लास्टिकचा पातळ पत्राही वापरतात. गोळे त्या छिद्रांत आपोआप एकमेकांस टेकतात. पहिल्या फटक्यानें गोळे पांगले, कीं तो तेवढा आठवणीनें काढून घ्यावा लागतो.