गोदामातील साखर आणि तिजोरीतील रोकड

एखादी कंपनी नफ्यात आहे की तोट्यात, एवढे विचारून सामान्य भागधारक समाधान पावतो. परंतु येत्या दोन महिन्यांत ज्यांची मुदत भरणार आहे ती देणी कंपनी कशातून भागविणार, हा प्रश्न उधारीवर माल देणारा व्यापारी आणि कर्ज देणारी बँक यांनाच काय तो सुचतो, आणि माझ्या मते शहाणपण त्यांच्याच पदरी आहे. कारण नफा हिशेबाने सिद्ध होत असला तरी देणे रोकडीनेच फिटते.

या प्रश्नाचे पहिले उत्तर चालू गुणोत्तर देते. रोकड, येणे बाकी, गोदामातील माल अशी जी वर्षभरात रोख होण्याजोगी मालमत्ता, तिला वर्षाच्या आत फेडावयाच्या देण्यांनी भागले की ते निघते. दोनास एक हे प्रमाण परंपरेने उत्तम मानले गेले. पुढे १९७५ साली टंडन समितीने सुचविलेल्या कर्जवाटपाच्या दुसऱ्या पद्धतीत, चालू मालमत्तेचा चतुर्थांश भाग ऋणकोने दीर्घ मुदतीच्या निधीतून उभारावा अशी अट असल्यामुळे, १.३३ हा आकडा बँकांच्या दप्तरी रूढ झाला.

परंतु भाज्याच्या पोटात काय आहे हे न पाहता नुसता भागाकार वाचणाऱ्याची कशी फसगत होते, हे दाखविण्यास साखर कंपनीसारखे उदाहरण नाही. चार-पाच महिन्यांच्या गळीत हंगामात तयार झालेली साखर वर्षभर विकावयाची असल्याने ३१ मार्चला गोदामे भरलेली असतात. समजा, साखरसाठा २४० कोटींचा, येणे ४० कोटी, रोकड २० कोटी. आणि समोर मालतारण कर्ज १५० कोटी, उसाचे बिल ८० कोटी, किरकोळ देणी २० कोटी. चालू गुणोत्तर १.२ येते; ते १.३३ हून कमी असले तरी एकाच्या वर आहे, एवढे पाहून वाचणारा निश्चिंत होतो. साखर वगळून त्वरित गुणोत्तर काढावे, तर ते ०.२४ वर येते. केवळ रोकड धरली तर ०.०८.

आता त्या गोदामाच्या दारापाशी जाऊन पाहावे. थप्पीला लावलेल्या पोत्यांवर बँकेचे तारण असते आणि कुलपाची किल्ली बँकेच्या ताब्यात असते; कोणत्या महिन्यात किती साखर विकावयाची याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देते; आणि विक्रीची रक्कम हाती येताच तीतून प्रथम कर्ज वळते होते. इकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, चुकती करावयाची, आणि विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. साखर विकली जाईल यात संशय नाही. पण उसाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही.

याउलट, रोज रोखीने विक्री करून पुरवठादाराला महिन्याने पैसे देणाऱ्या किराणा दुकानांच्या साखळीचे गुणोत्तर एकाखाली असले तरी तिचे बिघडत नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. चालू मालमत्ता ३० कोटी आणि देणी २० कोटी असता, वर्षअखेरीस १० कोटींचे देणे रोखीने फेडले, की दीडाचे प्रमाण एका दिवसात दोनावर जाते. एप्रिलात तेच कर्ज पुन्हा उचलता येते. म्हणून कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर ३१ मार्चच्या ताळेबंदाशेजारी ३० सप्टेंबरचा सहामाही ताळेबंद मांडावा. साखर कंपनीचा साठा तोवर बराच उतरलेला असतो. त्या प्रमाणात मालतारण कर्जही उतरले आहे काय आणि उसाच्या बिलाची बाकी संपली आहे काय, हे आधी पाहावे.