जमिनीचा कागद आणि जमिनीची माती

जमीन खरेदी करताना आपला व्यापारीवर्ग कागदपत्रांच्या बाबतीत सहसा गाफील राहत नाही. गोव्यात एक व चौदाचा उतारा, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात सात-बारा. वारसांच्या संमत्या, बोजा, रस्त्याचा हक्क, हे सारे वकिलाकडून तपासून घेतल्यावाचून इसाराची रक्कम तिजोरीबाहेर पडत नाही. परंतु ज्या मातीसाठी हे पैसे मोजावयाचे, ती माती कोणी तपासून पाहिल्याचे आमच्या फारसे ऐकिवात नाही. भाताच्या शेताला वा काजूच्या बागेला हे चालून जाईल. जेथे वर्षानुवर्षे खाण चालली, खनिज धुतले गेले, यंत्रशाळेत तेलाचे पिंप रिकामे झाले, तेथे ते चालावयाचे नाही.

तेरेखोल हा गोव्याचा चिमुकला तुकडा नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राला खेटून आहे. दक्षिणेस नदी ओलांडली की केरी व पेडणे महाल. उत्तरेस थोडे गेले की लोहखनिजाच्या खाणींचे रेडी. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर पेडण्यात गोदामासाठी जागा शोधणाऱ्या आपल्या बंधूंची नजर साहजिकच डिचोलीकडे आणि रेडीकडे वळते. तेथील खाणींच्या आसपास पडून असलेली मोठी सपाट पटांगणे पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह धरू नये असे आमचे म्हणणे नाही. आयत्या सपाट जागा सोडून भातशेती वा बागायत बुजविण्यात कोणते शहाणपण?

मात्र ती सपाटी कशी झाली हे जाणून घेतले पाहिजे. गोव्यात एक टन लोहखनिज काढावयास साधारणतः अडीच ते तीन टन निरुपयोगी माती उपसावी लागते. तिचेच ते तांबडे डोंगर, ज्यांना खाणीवरचे लोक ‘डंप’ म्हणतात. खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करण्याचे बंधन आपल्या देशात २००३ साली आले. तत्पूर्वी कित्येक दशके उपसलेली माती सोयीस्कर वाटेल तेथे टाकली गेली. अशा सैल भरावावर एखाददुसरा पावसाळा गेला की जमीन घट्ट झाल्यासारखी दिसते. परंतु वर गोदामाचे व मालाचे ओझे आले म्हणजे ती कोठे दोन बोटे, कोठे हातभर खचते, आणि फरशी व भिंत एकमेकांपासून सुटतात. बांधकामाचा अभियंता हे ओळखतो. मात्र त्याला बोलाविले जाते ते बहुधा खरेदीखत झाल्यानंतर!

दुसरा प्रश्न विषारी अंशाचा. येथे अकारण भय नको. आपल्या भागातील खनिज मुख्यतः लोहाचे ऑक्साइड आहे; गंधकयुक्त खनिजांच्या खाणींतून जसे आम्लपाणी वाहते तसा उपद्रव येथे सहसा नाही. येथला खरा त्रास तांबड्या गाळाचा, जो ओहोळ आणि शेते भरून टाकतो, व पाण्यात उतरणाऱ्या लोह-मँगनीजचा. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम असावे, अन्य सोय नसल्यास ०.३ पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. मात्र यंत्रशाळा, डिझेलच्या टाक्या, विजेचे जुने ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्यांची जागा, तुटलेले सिमेंटचे पत्रे येथे निराळाच हिशेब असतो. तेल आणि शिसे मातीत मुरतात ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून परीक्षेचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, तर माणसांपाशी होतो. जुने नकाशे पाहावेत, जुन्या कामगारांना बरोबर घेऊन जागेवर फिरावे, टाकी कोठे होती आणि गाळाचे तळे कोठे बुजविले हे विचारावे. मग संशयाच्या ठिकाणी निरनिराळ्या खोलीवरचे मातीचे नमुने घ्यावेत आणि शेजारच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा तपासावे. दोहोंपैकी एकच नमुना घेणे म्हणजे अर्धीच तपासणी.

कायद्यावर किती विसंबावे? दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रथमच स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार संशयित जागेची प्राथमिक पाहणी ९० दिवसांत व्हावयाची आणि सफाईचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यावयाचा. उत्तम! पण खाणकामामुळे झालेले दूषण या नियमांतून वगळले आहे; नियमातील रसायन मर्यादेपलीकडे सापडले तरच ती जागा त्यांच्या कक्षेत येते. म्हणजे डिचोलीच्या डंपाला हे छत्र बहुतांशी नाही, यंत्रशाळेच्या अंगणाला कदाचित असेल. शिवाय जागा खरोखरच ‘जुनी’ आहे काय, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली व पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणी थांबविल्या खऱ्या. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ साली डिचोलीत खनन पुन्हा सुरू झाले. लिलावाचा पट्टा ५० वर्षांचा असतो. त्याच्या हद्दीत आपण गोदामाचे स्वप्न पाहत नाही ना?

अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात एका रासायनिक कंपनीने एका जुन्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रसायने पुरली आणि १९५३ साली ती जमीन शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला विकली. कोणी काही लपविले होते काय? नाही, रसायने पुरल्याचे व पुढील जोखीम खरेदीदाराची असल्याचे खरेदीखतातच लिहिले होते. तरी वर शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली, आणि १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. केवळ कलम घातल्याने माती शुद्ध होत नाही, हे आपल्या वकील मित्रांना आम्ही आदरपूर्वक सुचवू इच्छितो.

उलट चांगले उदाहरण दूर शोधावयास नको. साखळी येथे सेसा गोवा कंपनीच्या खनिज संपलेल्या जुन्या खाणीवर झाडे व बांबू लावले गेले, फुलपाखरांचे उद्यान झाले, खड्ड्याच्या पाण्यात मासे वाढविले गेले. जागेच्या प्रकृतीला साजेसा उपयोग निवडला, एवढेच त्यातले मर्म. सैल डंपाला काजू व बांबू मानवतात. थरांनी दाबून घट्ट केलेल्या, तेलापासून मुक्त पटांगणावर लोखंड, लाकूड वा सिमेंटचे गोदाम चालेल. धान्य, पीठ आणि तूप ठेवणाऱ्यांनी मात्र यंत्रशाळेची जागा पत्करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. वास लागलेला माल कोणी घेत नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. मातीचा व पाण्याचा अहवाल इसार देण्यापूर्वी मागावा, आणि त्याचा खर्च उभयतांनी निम्मा-निम्मा सोसावा. पावसाळ्यानंतरचा अहवाल हाती येईपर्यंत किमतीचा काही भाग त्रयस्थाकडे अनामत राहावा. दोष निघाल्यास सफाई त्यातूनच व्हावी. अहवालाची प्रत खरेदीखतास जोडून नोंदवून घ्यावी, म्हणजे पुढे ती जागा ज्याच्या हाती जाईल त्यालाही ती वाचावयास मिळेल.