जुन्या डिंकी गाड्यांना ‘थकवा’ येतो की ‘कीड’ लागते?

जुन्या डायकास्ट गाड्या जमवणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं बोला, एक तक्रार हमखास ऐकू येईल. कपाटात नुसती ठेवलेली, कुणी हातही न लावलेली गाडी आपोआप तडकली. आधी रंगाला बारीक भेगा, मग बॉनेट किंचित वाकलेलं, मग चाकाचा तुकडा हातात. हे सगळ्यात जास्त दिसतं ते दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी टॉइजमध्ये. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या छोट्या गाड्यांना १९३४ मध्ये हे नाव दिलं. सुरुवातीची काही मॉडेल्स शिशाच्या मिश्रधातूची होती. नंतरच्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, म्हणजे जस्त आणि त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम.

संग्राहक या रोगाला दोन नावं देतात: ‘मेटल फटीग’ आणि ‘झिंक पेस्ट’. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण ही नुसती नावं नाहीत. प्रत्येक नावात एकेक गृहीतक दडलंय. फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून धातू थकणं. तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तसं. पण कपाटातल्या गाडीवर कसला आलाय भार? दुसरं नाव कीड सुचवतं, म्हणजे संसर्ग. म्हणून काही जण तडकलेली गाडी बाकीच्यांपासून लांब ठेवतात.

प्रत्यक्षात होतं ते असं. वितळलेला धातू गोठताना त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. दाणे म्हणजे स्फटिक आणि मधला गूळ म्हणजे त्यांच्या सीमा. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडं जरी मिसळलेलं असलं, तरी ते या सीमांवर जमा होतं. मग दमट हवेत सीमाच गंजायला लागतात. दाणे बऱ्यापैकी शाबूत, पण लाडू फुटतो. (लाडवाची उपमा इथपर्यंतच चालते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गाडी फुगते, चक्क लांबीला वाढते. लाडू वाढल्याचं ऐकिवात नाही.)

किती थोडं, तर या मिश्रधातूंच्या आजच्या मानकांमध्ये शिशाची मर्यादा टक्क्याच्या काही हजारांशांत असते. १९२०च्या दशकात धातुतज्ज्ञांना हे कारण कळलेलं होतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेलं ‘झामॅक’ही आणलं होतं. तरी १९३०च्या दशकातल्या गाड्या तडकल्याच. प्रयोगशाळेत कळणं आणि ओतशाळेच्या भट्टीत पाळलं जाणं यांत अंतर असतं. एकाच छताखाली शिशाचंही काम चालत असेल तर जास्तच.

आता तुम्हाला हे सिद्ध करायला सांगितलं, तर? शेजारी ठेवलेल्या दोन गाड्या तडकल्या. संसर्ग म्हणायचा, खोलीतला दमटपणा, की दोन्ही एकाच घाण्यातल्या? तिन्ही शक्यता एकाच निरीक्षणात गुंतल्यात आणि गाड्या कितीही मोजल्या तरी ती गाठ सुटत नाही. पण याच गाड्यांमध्ये एक सुंदर तुलना आयती मिळते. कित्येक युद्धपूर्व गाड्यांची चाकं तडकलेली असतात आणि बॉडी ठणठणीत. तेच कपाट, तीच हवा, तेच वय. वेगळी आहे ती फक्त ओतण्याची वेळ आणि भट्टीतला माल. संसर्ग असता तर चाकाला चिकटूनच असलेली बॉडी सुटली नसती. ‘जुनं झालं की होतंच’ हे उत्तरही टिकत नाही, कारण १९५०च्या दशकातल्या डिंकींनी सत्तरी गाठली तरी त्यातल्या बहुतेक धडधाकट आहेत.

मग शिसं मोजू या, असं तुम्ही म्हणाल. एक्स-रे फ्लुरोसन्सचं हातात धरायचं यंत्र गाडीला ओरखडाही न पाडता मूलद्रव्यं सांगतं. ते बॉडीवर टेकवलं आणि शिसं दाखवलं, म्हणजे झालं का काम? नाही. त्या काळच्या रंगांमध्येही शिसं असायचं आणि हे यंत्र मुख्यतः वरवरचाच थर वाचतं. मोजायचा होता धातू, मोजला गेला रंग. आकडा खरा, पण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर. यंत्राची दशांश स्थळं बघून भुलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

रंगाखालचा धातू हवा तर नमुना कापावा लागणार, आणि खरी अडचण इथे आहे. तुटलेला तुकडा मालक आनंदाने देईल. पण ठणठणीत गाडी, जी तुमचा ‘कंट्रोल’ आहे, ती कुणीही कापू देणार नाही, आणि का द्यावी? मग सगळे नमुने आजारी गाड्यांचेच उरतात. सगळ्यांत शिसं सापडलं तरी त्यातून काही ठरत नाही, कारण निरोगी गाडीत ते किती होतं ते तुम्ही पाहिलेलंच नाही.

यातून मला दिसणारी वाट पुन्हा त्या चाकांकडे जाते. तडकलेल्या चाकाचा गळून पडलेला तुकडा घ्यायचा. त्याच गाडीच्या बॉडीत, आसाच्या भोकात, रंग न पोचलेल्या जागी सुईच्या टोकाएवढा कीस काढायचा. एवढ्याला काही मालक तयार होतात. जोडीतला प्रत्येक नमुना दुसऱ्याचा कंट्रोल. अशा पंधरा-वीस जोड्या दोनशे सुट्या तुकड्यांपेक्षा जास्त सांगतील.

सोबत एक स्वस्त मोजमापही सुरू करता येईल. व्हर्नियर कॅलिपरने गाडीची लांबी त्याच दोन खुणांमध्ये, दरवर्षी त्याच महिन्यात घ्यायची. मुंबई-कोकणात असाल तर खोलीतली आर्द्रताही लिहून ठेवा. पावसाळ्यात ती जिथे पोचते, तिथे या सीमा गंजायला बाहेरून आणखी काही लागत नाही.