घरांतील समुद्राची तळटाकी



'संप' हा शब्द कानीं पडला कीं आपल्यापैकीं बहुतेकांस गिरणीचें बंद फाटक आठवेल. आज मी ज्या संपाविषयीं बोलणार आहें तो निराळा. घरांत समुद्राच्या पाण्याचें मत्स्यालय ठेवणारे लोक त्याच्या खालच्या कपाटांत एक दुसरी टाकी ठेवतात. इंग्रजींतून आलेल्या शब्दानें तिला ते संप म्हणतात. आपण तिला तळटाकी म्हणूं.

वऱ्हाडांत समुद्राच्या माशांचें काय काम, असें कोणी विचारील. मुंबईचा समुद्र अकोल्यापासून रेल्वेनें पांचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु हौस अंतर मोजीत नाहीं. मुंबईस मरीन ड्राइव्हवर 1951 सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि आमच्याकडील कितीएक मुलांनीं समुद्रांतील जिवंत मासा प्रथम तेथेंच पाहिला. 2015 सालीं त्याचें नूतनीकरण झालें, तेव्हां तेथें अॅक्रिलिकचा 12 फूट लांबीचा बोगदा बसविण्यांत आला होता. माझ्या अकोल्याच्या भाच्यास हा नाद तेथूनच लागला.

त्यानें आपल्या दिवाणखान्यांत 5 फूट लांब, 2 फूट रुंद व 2 फूट उंच अशी कांचेची टाकी मांडली, आणि तळटाकी नामफलक करणाऱ्या एका कारागिराकडून अॅक्रिलिकची करवून घेतली. जोड उत्तम होते, कडा आरशासारख्या होत्या. पंधरा दिवसांनीं एका रात्रीं वीज गेली. पहाटे पाहतात तों फरशी खाऱ्या पाण्यानें भिजलेली, आणि विजेच्या जोडपट्टीपासून पाणी दोन बोटांवर येऊन थांबलेलें. घरांत पांच वर्षांचें मूल आहे. भाच्यानें मला फोन केला तेव्हां त्याचा राग मावत नव्हता. "मामा, गळकी टाकी दिली हो त्यानें!" मीं अमरावतीहून जाऊन पाहिलें. टाकी कोठेंहि गळत नव्हती. तिच्यांत मावेल त्याहून अधिक पाणी वरून आलें होतें. आपण कारागिराला माप सांगितलें होतें, पाणी सांगितलें नव्हतें. तें कसें सांगावें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम तळटाकीचें काम पाहूं. वरच्या टाकीच्या कांठाशीं एक दांतेरी बांध असतो. त्यावरून ओसंडणारें पाणी नळीवाटे खालीं येतें, तेथें स्वच्छ होतें, आणि पंप तें पुन्हां वर चढवितो. यामुळें वरची पातळी सदैव एकच राहते. पृष्ठावरचा तवंग आपोआप वाहून जातो. एकंदर पाणी वाढतें, म्हणून त्यांतील बदल सावकाश होतात. आणि सारीं यंत्रें दृष्टीआड राहतात.

आतां वीज गेली असें समजा. पंप थांबतो, परंतु पाणी लगेच थांबत नाहीं. बांधाच्या वरचें पाणी खालीं उतरतें. त्याशिवाय पंपाची परतीची नळी वरच्या टाकींत बुडालेली असते. शाळेंत आपण वक्रनलिकेचा प्रयोग केला आहे. तोच येथें उलट दिशेनें घडतो, आणि नळीचें तोंड उघडें पडेपर्यंत पाणी खालीं येत राहतें. भाच्याची वरची टाकी सेंटिमीटरांत 150 लांब व 60 रुंद. तिचें पृष्ठ 9000 चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळी 1 सेंटिमीटर उतरली कीं 9 लिटर पाणी खालीं. त्याच्या नळीचें तोंड 8 सेंटिमीटर खोल होतें. आठ नव्वे बहात्तर, नळ्यांतील व बांधामागील पाणी सुमारें 12 लिटर, एकूण 84. तळटाकी 90 लांब, 45 रुंद, 40 उंच. तींत पाणी चालतें असतां 24 सेंटिमीटर उभें होतें. वर मोकळी जागा राहिली 16 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 65 लिटरांची. 84 मधून 65 गेले, उरले 19. एक भरलेली बादली फरशीवर आली, ती अशी.

यावर उपाय म्हणून परतीच्या नळीस पाण्याच्या पृष्ठाजवळ एक बारीक भोंक पाडतात. पातळी तेथवर उतरली कीं हवा आंत शिरते आणि वक्रनलिका तुटते. उपाय चांगला आहे, पण त्या भोंकांत शेवाळ साचतें, कधीं एखादी गोगलगाय बसते. म्हणून भोंक अवश्य पाडावें, आणि तें बुजलें आहे असें धरूनच तळटाकीचें माप ठरवावें. नवी टाकी आम्हीं 120 लांब, 45 रुंद व 40 उंच केली आणि पाणी 22 वर ठेविलें. मोकळी जागा 97 लिटरांची झाली. आतां 84 लिटर आले तरी येऊं द्यावेत.

तळटाकीचे कप्पे तीन. पहिल्यांत पाणी पडतें व कापडी पिशवींतून गाळलें जातें. दुसऱ्यांत फेसयंत्र, ज्याला प्रोटीन स्किमर म्हणतात, तें असतें. बारीक हवेच्या बुडबुड्यांवर पाण्यांतील सेंद्रिय मळ चिकटून वर येतो व फेसाच्या रूपानें एका पेल्यांत जमतो. ह्या यंत्रास पाण्याची खोली ठराविक लागते. ती त्याच्या सूचनापत्रांत दिलेली असते, आणि दुसऱ्या कप्प्यापुढील आडपडद्याची उंची तीवरूनच ठरवावी. पुढें दोन-तीन पडदे एकाआड एक, एक खालून मोकळा तर दुसरा वरून, असे असतात. त्यांतून जातांना बुडबुडे निघून जातात. तिसऱ्या कप्प्यांत पंप.

टाकींतून बाष्पीभवन झालें तर पहिल्या दोन कप्प्यांची पातळी पडद्यांमुळें हलत नाहीं. सारी घट तिसऱ्या कप्प्यांत दिसते. मे महिन्यांत अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी असते, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. तिसरा कप्पा केवळ 20 सेंटिमीटर लांब असेल, तर 9 लिटर पाणी उडतांच तेथील पातळी 10 सेंटिमीटर उतरते आणि पंप कोरडा पडतो. म्हणून आमच्या भागांत हा कप्पा मोठा ठेवावा. पाणी उडतें, मीठ उडत नाहीं. यास्तव भर घालावयाची ती गोड्या, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याची. याच बाष्पीभवनाचा उपयोगहि आहे. तळटाकीच्या पृष्ठावर लहान पंखा सोडला तर कोरड्या हवेंत पाणी दोन-तीन अंशांनीं निवतें. मात्र त्याच खोलींत कूलर चालू असेल, किंवा पावसाळा असेल, तर हवा ओली असते आणि पंख्याचा गुण उतरतो. मग शीतयंत्रावांचून गति नाहीं, कारण ह्या जीवांस 25–26 अंशांच्या आसपासचें पाणी मानवतें.

आतां पदार्थाकडे वळूं. अॅक्रिलिक हें 1930 नंतरच्या दशकांत जर्मनींत प्लेक्सिग्लास व इंग्लंडांत पर्स्पेक्स ह्या नांवांनीं बाजारांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या पारदर्शक छतांस वापरलें गेलें. कांचेच्या मानानें त्याचें वजन निम्म्याहूनहि कमी. तें आघातानें सहसा फुटत नाहीं, आणि त्यास हव्या तेथें भोंक पाडतां येतें. त्याचे दोष म्हणजे तें सहज ओरखडतें, आणि उष्णतेनें कांचेच्या सुमारें आठपट प्रसरण पावतें. 120 सेंटिमीटरांचा पत्रा 20 अंशांच्या फरकानें दीड मिलिमीटरांहून अधिक वाढतो. म्हणून अॅक्रिलिकच्या टाकींत कांचेचे पडदे सिलिकोननें चिकटवूं नयेत; सिलिकोन अॅक्रिलिकास नीट धरीतहि नाहीं.

टाकी काठोकाठ भरली तर तळाशीं दर चौरस सेंटिमीटरावर 40 ग्रॅम दाब पडतो, वर शून्य, सरासरी 20. समोरील भिंत 120 गुणिलें 40, म्हणजे 4800 चौरस सेंटिमीटर. तीवरील एकूण रेटा 96 किलो, जवळजवळ एका क्विंटलाच्या तुरीच्या पोत्याएवढा, आणि तो अहोरात्र. ह्यासाठीं 10 मिलिमीटर जाडीचा, ओतीव जातीचा पत्रा घ्यावा, आणि वरच्या कडेस आंतून चारहि बाजूंनीं पट्टी जोडावी, म्हणजे भिंती बाहेर फुगत नाहींत.

आपल्या गांवांत असलें काम बहुधा नामफलक करणाऱ्यांकडेंच होतें. त्यांचा हात चांगला असतो, पण फलकांत पाणी भरावयाचें नसतें. दोन गोष्टी त्यांस आवर्जून सांगाव्यात. लेझरनें कापलेल्या किंवा ज्वाळेनें चकचकीत केलेल्या कडेंत ताण राहतो, आणि तीवर द्रावक लागतांच केसासारख्या भेगा उमटूं शकतात. म्हणून जोडावयाची कड रंधून, खरडून सरळ करावी. दुसरी गोष्ट, अॅक्रिलिकचा जोड हा डिंकाचा जोड नव्हे. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म यांसारखें पातळ द्रावक फटींत केशाकर्षणानें शिरतें, दोन्ही पृष्ठें विरघळवितें, आणि तें उडून गेल्यावर दोन पत्र्यांचा एक पत्रा होतो. कडा तंतोतंत मिळाल्या नाहींत तर आंत बुडबुडे राहतात, आणि बुडबुडा म्हणजे उद्याची गळती. हीं द्रव्यें विषारी आहेत. काम उघड्या हवेंत व्हावें.

काम देतांना तोंडी बोलूं नये. एका कागदावर आकृति काढून पुढील गोष्टी लिहाव्यात: बाहेरील व आंतील मापें, पत्र्याची जाडी, प्रत्येक पडद्याची उंची, भोंकांचे व्यास, आणि पाणी चालतें असतां व बंद असतां त्याची पातळी. कपाटाच्या दाराची रुंदी आधीं मोजावी. फेसयंत्राचा पेला वर उचलून काढतां येईल एवढी जागा वर सोडावी. टाकी झाल्यावर कांहीं दिवस जोड वाळूं द्यावे. मग ती सपाट फरशीवर ठेवून साध्या पाण्यानें काठोकाठ भरावी व दोन दिवस तशीच ठेवावी. शेवटची रक्कम त्यानंतर द्यावी, आणि आनंदानें द्यावी. घरीं मांडल्यावर वीज आपणच दिवसाढवळ्या बंद करावी आणि पाणी कोठवर चढतें तें उभें राहून पाहावें.

कांहीं सावधगिरी विजेचीहि. जोडपट्टी टाकीहून उंच व बाजूस असावी; प्रत्येक तार पट्टीकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळी घेऊन मग वर जावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब खालींच गळतो. गळता प्रवाह जाणून वीज तोडणारें यंत्र घरांत असलेंच पाहिजे. नळजोडणींत पितळी तोटी नको, कारण पितळेंत तांबें असतें आणि पृष्ठवंशहीन सागरी जीवांस तें मारक ठरतें.

येथें एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: आपल्या खारपाणपट्ट्यांतील विहिरीचें पाणी का चालूं नये? पूर्णेच्या खोऱ्यांतील तें पाणी खारें खरें, पण त्यांतील क्षारांचें परस्पर प्रमाण समुद्राचें नव्हे. समुद्राच्या एका लिटरांत साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचा वांटा ठरलेला असतो. तो तयार मिश्रणानेंच साधतो.

आणि शेवटीं प्रवाळाविषयीं. प्रवाळभित्ति बांधणारे दगडी प्रवाळ 2001 पासून आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ते समुद्रांतून तोडून आणणें हा गुन्हा आहे. मालवणचें सागरी अभयारण्य 1987 सालीं जाहीर झालें तें अशाच ठेव्याच्या रक्षणासाठीं. म्हणून भाच्याच्या टाकींत दगडी प्रवाळ नाहीं. तेथें विदूषक माशाची एक जोडी आहे, आणि ती माणसाच्या देखरेखींत जन्मलेली आहे. आपल्या देशांत मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रानें ह्या माशाची पैदास साधली आहे. विकत घेतांना मासा कोठें जन्मला हें विचारण्याचा संकोच करूं नये.

गेल्या महिन्यांत मी अकोल्यास होतों. रात्रीं जेवतांना वीज गेली. खालच्या कपाटांत पाणी चढल्याचा खळखळाट झाला, मग तो थांबला. कोणी जागचें उठलें नाहीं. पांच वर्षांचा तो मुलगा आतां आठ वर्षांचा आहे, त्यानें अंधारांतच विचारलें, "आजोबा, किती लिटर आले असतील?" मीं त्याला पाटी आणावयास सांगितलें.